पळसाचा माणूस

अलमोडा,
२२ मे १९५८

तीर्थरूप अक्का,

कनकाचा वाकून नमस्कार. आम्ही दोघं इथं धडधाकट आहोत. तूही तशीच असशील असं धरून चालते, कारण तू आजारी पडलीस तरी कधी कळवत नाहीस. सरस्वती त्रास देत नाही ना? आवणी महिन्यात लग्न व्हायचंय म्हणून माझ्या पोरीला डोक्यावर बसवून घेऊ नकोस. तुझ्याकडे ठेवली ती चार कामं शिकायला, माडीवर बसून गप्पा छाटायला नव्हे. चटणी तिलाच वाटायला लाव.

हे पत्र मुद्दाम बालबोधीत लिहिते आहे. तमिळात लिहिलं असतं तर तुझ्या जावेनं पोस्टमनच्या हातातच फोडून गल्लीभर वाचून दाखवलं असतं. तुझ्या दिरांना, वेंकटरावांना, ही अक्षरं येतात, पण मोतीबिंदूमुळं दिसत नाहीत. राहिलीस तू. अण्णांनी आपल्या दोघींना परसात वाळूवर बोट धरून गिरवायला लावलं तेव्हा सगळी हसली होती, पोरी काय पुराण सांगायला बसणार आहेत का म्हणून. आज अण्णांचे पाय धरावेसे वाटतात. कुणी विचारलंच तर सांग, कनकानं थंडीचं लिहिलंय.

आणि थंडीचं लिहितेच. मे महिना आहे आणि मी तुझी जुनी शाल दोन पदरी करून बसले आहे. तिकडे तुम्ही ओल्या पंच्यानं वारा घेत असाल. काठगोदाम नावाच्या गावी आगगाडी संपते, रूळच संपतात. तिथून बस. ती डोंगराला अशी वळणं घेत चढते की आमचे हे सबंध वाट खिडकीबाहेर डोकं काढून होते. संस्कृतचे मास्तर, एरवी वाक्याला सुभाषित, पण त्या दिवशी तोंडातून शब्द नाही, दुसरंच काय काय. बाजारात रस्त्याला दगडी फरश्या घातल्यात, घरांना कोरीव लाकडी खिडक्या. आणि समोर बर्फ. नुसतं पांढरं. पहिल्या दिवशी मी हात जोडले, दुसऱ्या दिवशी जोडले, तिसऱ्या दिवशी विसरले. माणसाचं असंच असतं.

ज्यांच्याकडे उतरलोय ते सुब्रमण्यम आमच्या यांच्याबरोबर शिकलेले, जंगलखात्यात साहेब आहेत. बायको कामाक्षी, कुंभकोणमची. फार प्रेमळ. पण अक्का, ती आता चहा पिते! कुंभकोणमची पोर आणि घरात काफीचा दाणा नाही. मी तंजावराहून डबाभर पूड आणली होती, पण बसमध्ये कुणाचं तरी रॉकेल सांडलं ते नेमकं माझ्या पिशवीवर. तरी मी एक दिवस ती काफी करून बघितली. यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "आता काडी ओढून पी."

काशीचं राहिलं. येताना काशीत उतरलो होतो. तू दिलेले तीळ यांनी गंगेवर वाहिले, भावोजींच्या नावानं पिंड दिला, तू सांगितलं होतंस तसाच. त्या पिंडाबद्दल नंतर बोलू.

खरं म्हणजे सगळं त्याबद्दलच बोलायचं आहे. दोन दिवस झाले, कागद घेते आणि हवापाण्याचं लिहून फाडते. हा चौथा की पाचवा. आज यांनी दटावलं, "कनका, थंडी पुरे कर."

अक्का, आता हे पत्र घेऊन कोठीच्या खोलीत जा. कडी लाव. पाट घे, भिंतीला टेकून बस. सरस्वतीनं हाक मारली तरी ओ देऊ नकोस. बसलीस? तुझी शपथ आहे, उभ्यानं वाचू नकोस.

त्याचं असं झालं. यांचं डोकं काफीवाचून दुखायला लागलं. तेव्हा कामाक्षीला आठवलं, म्हणाली, कचेरीबाहेर झाडाखाली एक मद्रासी बाबू बसतो, लोकांचे अर्ज टाइप करून देतो. तो म्हैसुराहून बिया मागवतो आणि घरी भाजतो, सगळ्या गल्लीला वास येतो. कुणाशी बोलत नाही, कुणाकडे जात नाही. नारायण बाबू म्हणतात त्याला. तुमच्याकडचा दिसतो, मागून बघा, वाटीभर देईल. यांना कुणाकडे मागायचा संकोच. मला कसला? मी म्हटलं, काफी मागायला लाजायचं तर जगायचं कशाला. यांना ओढतच नेलं.

सकाळची वेळ. गल्लीत शिरलो आणि खरंच वास आला, ताज्या भाजलेल्या बियांचा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज वाटते. दार उघडं होतं. आत अंगणात कुणी बोलत होतं.

मराठीत बोलत होतं, अक्का. काशीच्या पुणेरी भटजींचं मराठी नव्हे, आपलं. राजवाड्यामागच्या आपल्या गल्ल्यांतलं, जे ऐकून ते भटजी आम्हाला हसले तेच. "काय गे, आज वाळकं नक्को म्हणतीस? अइयो, राणीसाहेबांना रोज हिरवं कुठनं आणू? खा गे, नागू. खा माझी कण्णु."

मी यांच्याकडे बघितलं, हे माझ्याकडे. पुढं झाले. अंगणात एक बुटकी लाल गाय, आणि तिच्यापुढं पेंढी धरून एक माणूस पाठमोरा. वेष्टी आपल्यासारखी नेसलेली, वर लोकरी कोट, डोक्याला कानटोपी. माझ्या पावलाचा आवाज झाला. तो वळला. दाढी पांढरी. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, मग कपाळाकडे, कुंकवाकडे. हातातली पेंढी खाली पडली.

"नागू?" म्हणाला.

लहानपणापासून सगळे म्हणतात, आपल्या दोघींचा तोंडवळा एक. तो मला तू समजला.

अक्का, भावोजी जिवंत आहेत.

लिहिलं. आता वाचवेल तेवढं वाच, उरलेलं उद्या वाच.

मी किंचाळले की काय ते मला आठवत नाही. हे सांगतात, मी गोठ्याचा खांब धरून "तुम्ही मेलात, तुम्ही मेलात" एवढंच म्हणत होते, आणि ते मान हलवत होते, हो म्हणून की नाही म्हणून तेही कळेना. अगं, मी स्वतः होते ना कावेरीवर! तिरुवैयारुच्या घाटावर, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, वेंकटरावांनी पळसाच्या देठांचा माणूस रचला, वर डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि त्याला अग्नी दिला. बारा वर्षं पत्ता नाही, आता शास्त्राप्रमाणे गेलाच म्हणायचं. घरात एक बाई धड सुवासिनी नाही, धड विधवा नाही, म्हणून वेंकटरावांच्या पोरीची सोयरीक अडत होती ना! ती जमली. आणि तुझ्या बांगड्या फोडल्या. तू तेव्हा रडलीही नाहीस. एवढंच विचारलंस, "नारळ आपल्याच झाडाचा का?" बायका म्हणाल्या, डोक्यावर परिणाम झाला. मला तो प्रश्न अजून ऐकू येतो.

आणि इथं तोच माणूस गाईला चारा घालत उभा. गाईचं नाव नागू! माझ्या बहिणीच्या कपाळावरचं पुसलं, केसांतलं फूल काढलं, आणि हा हिमालयात बसून गाईला तिच्या नावानं कण्णु म्हणतो. एक मन म्हणालं, चप्पल काढ. एक मन म्हणालं, पाया पड, मोठे आहेत. दोन्ही झालं नाही.

त्यांना काही सुचेना म्हणून त्यांनी काफी केली. आणि सांगते तुला, मी ती प्यायले. मेली सवय.

मी आधी काय केलं ठाऊक आहे? दोरीवर साडी वाळत आहे का ते बघितलं. चुलीपाशी बघितलं, कोपऱ्यात बघितलं, लहान पोराचं अंगडं दिसतं का ते बघितलं. काही नाही. एक खाट, एक टाइपाचं यंत्र, काफी भाजायचं लोखंडी भांडं. बाई असती तर निदान कुणाला शिव्या द्यायच्या ते तरी कळलं असतं.

त्यांनी विचारलं, "आई?"

"गेल्या," हे म्हणाले. "तुमची वाट बघत गेल्या."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती कशी आहे?"

"विधवा आहे," मी म्हटलं.

त्यांनी दचकून वर बघितलं. "कुणाची?"

अक्का, त्या माणसाला खरंच कळलं नाही. "तुमची," मी म्हटलं. "आणखी कुणाची असणार?" आणि मग सगळं सांगितलं, एक अक्षर गाळलं नाही. पळस, नारळ, बांगड्या. फुलवाली दारापुढून जाताना मान फिरवते ते. सरस्वतीच्या बारशाला तू तिला पहिल्यांदा पाळण्यात घातलंस, आणि तिच्या लग्नात तुला मागं भांड्यांच्या खोलीत बसायचंय, ते. भावोजी ऐकत होते आणि हातानं स्वतःचा दंड चाचपत होते, आहे की नाही बघितल्यासारखं. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी कुणी उठलं नाही.

आता का गेले ते सांगते. तू विचारशीलच, तुझ्या जागी मी असते तर तेवढंच विचारलं असतं. पण कारण ऐकलंस तर हसशील की भिंतीवर डोकं आपटशील मला सांगता येत नाही.

सासऱ्यांच्या अस्थी घेऊन ते काशीला निघाले होते, ते तुला आठवतंच. तांबड्या फडक्यात बांधलेलं मडकं, ते तूच पिशवीत घालून दिलं होतंस. इटारसीला गाडी बदलायची होती. पिशवी बाकाखाली ठेवून नळावर पाणी प्यायला गेले. आले तर पिशवी नाही. कुणा चोरानं काही मोलाचं असेल म्हणून उचलली. सगळं स्टेशन पालथं घातलं, उकिरडे धुंडाळले. मग तसेच काशीला गेले. घाटावर भटजींनी विचारलं, अस्थी कुठायत? हे तिथून पळाले. थोरला मुलगा, बापाला काशीला पोचवायला निघाला आणि वाटेत हरवून बसला, आईला काय सांगू? पुन्हा इटारसीला जाऊन बसले. मग अलाहाबादेला एका कंत्राटदाराकडे टाइप करायला राहिले, तो लढाईच्या कामासाठी इकडे डोंगरात आला, त्याच्याबरोबर हे आले. "दर वर्षी वाटायचं, यंदा जाऊ," म्हणाले. "पण जेवढा उशीर तेवढं सांगायचं अवघड. पहिल्या वर्षी मडकं हरवलं होतं. पाचव्या वर्षी मीच हरवलो होतो."

मडकं, अक्का! एका मडक्यापायी! दारू नाही, बाई नाही, वैराग्य नाही. मी ओरडलेच. म्हटलं, भावोजी, तुमच्या वडिलांना काशी नसती मिळाली तर कावेरी होती. ती काय तुमच्या वडिलांची कुणी नव्हती? माझी बहीण एकवीस वर्षांची होती!

तेव्हा आमच्या यांनी तोंड उघडलं. शांतपणे म्हणाले, "सूर्यनारायणराव, अस्थी सापडल्या नाहीत तर शास्त्रात सोय आहे. पळसाच्या देठांची आकृती करायची आणि तिलाच संस्कार द्यायचा. कुणाही उपाध्यायाला विचारलं असतंत तर त्यानं एका दिवसात मोकळं केलं असतं."

"मला कुणी सांगितलं नाही," भावोजी म्हणाले.

"तुम्ही कुणाला विचारलंत?"

मग हळूच म्हणाले, "म्हणजे जे अप्पांचं करायचं ते माझं केलंत."

मी उठून बाहेर आले. गाय माझ्याकडे बघत होती. तिला काही बोलले नाही, तिचा काय दोष.

दुसऱ्या दिवशी ते सुब्रमण्यमकडे आले. दाढी काढली होती. गाल बसलेत, पण चेहरा तोच, हनुवटीवरच्या खळीसकट. हातात काफीची पुडी. सुब्रमण्यमना आम्ही एवढंच सांगितलंय की लांबचे नातेवाईक निघाले. कामाक्षीला संशय आला असेल, पण शहाणी आहे, विचारत नाही. भावोजी ओसरीवर उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. म्हणाले, "मी येतो तुमच्याबरोबर. काशीपर्यंत येतो. पुढं ती म्हणेल तसं."

तुला द्यायला चिठ्ठी लिहून आणली होती. मी घेतली नाही. म्हटलं, इतक्या वर्षांत चिठ्ठी सुचली नाही, आता माझ्या पाकिटात फुकट टपाल नको. चुकले असेन तर सांग, मागून घेईन.

आता नीट ऐक, इथून पुढचं तुझं आहे. मला वाटलं होतं, जिवंत आहेत म्हणजे झालं, आणून उभं केलं की तुझं कुंकू तुझ्या कपाळी. यांनी मान हलवली. म्हणाले, ज्याची क्रिया झाली तो परत आला तर तो जगाला मेलेलाच. त्याला तुपाच्या रांजणात बुडवून काढायचं, म्हणजे तो नव्यानं जन्मला. मग जातकर्म, बारसं, मुंज, सगळं पहिल्यापासून. मी म्हटलं, एवढं तूप आणायचं कुठून, आणि हसू आलं, आणि हसताना रडू आलं. मग हे म्हणाले, "आणि शेवटी लग्न. त्याच बायकोशी, पुन्हा."

मी रात्रभर विचार करत पडले नाही, तुला माहीतच आहे मी पडल्या पडल्या घोरते. पण सकाळी तोंड धुताना एकदम लख्ख कळलं. पुन्हा लग्न म्हणजे पुन्हा विचारणं आलं! पहिल्या वेळी तुला कुणी विचारलं नव्हतं, तू चौदा वर्षांची, अण्णांनी सांगितलं आणि तू पाटावर बसलीस. विधवा करतानाही विचारलं नाही. या खेपेला विचारल्याशिवाय कुणाला पुढं जाता येणार नाही. आणि विचारलं तर माणूस हो म्हणतो, नाहीतर नाही म्हणतो. मी कुणाच्या बाजूची नाही. खोटं बोलले, मी तुझ्या बाजूची आहे, पण तुझी बाजू कुठली ते मला कळत नाही.

आम्ही येत्या आठवड्यात काशीला पोचू. हनुमान घाटावर आपल्या उपाध्यायांकडे उतरू, उत्तर तिथं पाठव. तू नको म्हणालीस तर भावोजी तिथूनच माघारी फिरतील, आणि मी तंजावरात कुणाला एक अक्षर सांगणार नाही. माझी जीभ तुला माहीत आहे, तरी नाही सांगणार. हो म्हणालीस तर तिरुवैयारुला आमच्याकडे आणू, रांजणाचं बघू.

पत्राच्या माथ्यावर पुन्हा एकदा बघ. सहा वर्षं मी तुझ्या नावाआधी 'गं. भा.' लिहीत आले. या वेळी हात पुढं गेला नाही. 'सौ.' लिहायलाही गेला नाही, ते लिहिणारी मी कोण? पाकिटावरही जागा सोडली आहे. पोस्टमनला वाटेल, बाई विसरली.

ती जागा तुझी आहे. उत्तराखाली सही करशील तेव्हा काय लिहायचं ते तूच लिही. तेवढ्यावरून मला सगळं कळेल, बाकी पत्र कोरं असलं तरी चालेल.

घाबरलेली, आणि अजून विश्वास न बसलेली,
तुझी धाकटी
कनका


तंजावूर,
३१ मे १९५८

कनके,

आशीर्वाद. पत्र पोचलं. बसून वाचलं. भिंतीला टेकले नव्हते, टेकायला हवं होतं.

पहिल्यांदा वाटलं, त्या डोंगरावर तुझं डोकं फिरलं. मग गाईचं वाचलं आणि खात्री पटली. लग्नाच्या नव्या दिवसांत ते मला असंच समजावत, मी जेवत नसे तेव्हा. 'खा माझी कण्णु.' हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुलाही नाही. तुला रचून लिहिता येणार नाही.

बाहेर आले तर जाऊबाई विचारतात, काय लिहिलंय? थंडीचं, म्हटलं. आणि कनके, मला खरीच थंडी वाजू लागली. मे महिन्यात, तंजावरात, मी गोधडी घेऊन पडले. सरस्वती कपाळाला हात लावून म्हणाली, ताप नाही. दोन दिवस तशीच पडून होते. अस्थी मीच पिशवीत घातल्या होत्या. फडक्याची गाठही मीच मारली होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फुलवाली आली. दारापुढून मान फिरवून चालली होती. मी हाक मारली. हातभर कदंबमचा गजरा मोजून घेतला, मरवा जास्त घाल म्हटलं. ती म्हणाली, "सरस्वतीपाप्पाला का, अम्मा?" मी म्हटलं, "मला." तिचा हात टोपलीतच राहिला. मी तिच्यासमोर केसांत माळलं. जाऊबाईंनी असा गिल्ला केला की वेंकटराव चाचपडत ओट्यावर आले. त्यांना सांगितलं, "तुमचा भाऊ जिवंत आहे. तुम्ही नारळ जाळलात." ते मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. आता गल्लीत ठाऊक नाही असं कुणी नाही. तू गुपित ठेवणार होतीस, मी नाही ठेवलं. मरण खोटं होतं तेव्हा गप्प बसले. आता का बसू?

फूल त्यांच्यासाठी माळलं असं समजू नकोस. कुणी मेलं नसताना माझ्या केसांतून काढलं होतं, ते मी परत घेतलं.

आता तुझ्या यजमानांना सांग, शास्त्र सांगितलंत ते मला सगळं मान्य आहे. त्यांना आणा. आधी सासऱ्यांचं करा, ते अठरा वर्षं अडकलेत. पळसाचा माणूस थोरल्या मुलाच्या हातानं रचवून घ्या. नारळ मी पाठवते, आपल्याच झाडाचा. मग ह्यांना तुपात बुडवा. बारसं करा, मुंज करा.

पण जन्मल्या जन्मल्या लग्न कुणी करतं का गे? मुलगा आधी मोठा व्हायला हवा. त्यांनी तिरुवैयारुला राहावं, कचेरीबाहेर झाड तिथंही आहे, अर्ज टाइप करावेत. बारा वर्षं वाट बघावी म्हणतात, मी बघितली. आता त्यांनी बघावी. मग येऊन, माझ्यासमोर उभं राहून विचारावं. मला नाही म्हणायचं असेल तर मी नाही म्हणेन.

मी कदाचित त्याआधी बोलावीनही. ते त्यांना सांगू नकोस.

चिठ्ठी घेतली नाहीस ते बरं केलंस. जे असेल ते तोंडानं सांगू देत.

गाईचं नाव आजच्या आज बदलायला सांग.

सरस्वतीच्या लग्नात मी पुढं बसणार आहे, तिची ओटी मीच भरणार. ज्याला चालणार नाही त्यानं भांड्यांच्या खोलीत बसावं, तिथं वारा चांगला येतो.

नावाआधीची जागा तू सोडली होतीस. मी दोन्ही लिहून बघितली आणि दोन्ही खोडली. उरलं ते खाली आहे.

नागलक्ष्मी